पोस्टातली पितळी पाटी

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्या त्यांच्या स्वयंपाकघरातली फरशी उखडल्यामुळे. फरशीवाल्याने आठ दिवस सांगितले होते. म्हणजे पंधरा, असं बायको म्हणाली. म्हणजे महिना, असं मी म्हणालो, पण मनात.

सासूबाईंनी एकतीस वर्षं सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काढली. छापून येणारा प्रत्येक कागद आधी वाचायचा आणि त्यातल्या चुका काढायच्या, एवढंच काम. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण हे छापखान्याने त्यांना सांगितलं असावं, त्यांच्या डोळ्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या इमारतीच्या लिफ्टमधली सूचना लाल पेन्सिलीने दुरुस्त केली. संध्याकाळी सेक्रेटरी दारात.

"हे तुमच्याकडचं काम ना?"

"बरोबर केलंय की चूक?" मी विचारलं.

"बरोबर केलंय हो," ते म्हणाले. "तोच तर त्रास आहे."

माझी बायको रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते आणि रविवारी तिची ड्यूटी असते. मी एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. आठवडाभर वीतभर अंतरावरचं बघावं लागतं, म्हणून रविवारी लांबचं बघायला बाहेर पडतो, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं म्हणजे रविवारी मला कोणाशी बोलायचं नसतं. त्यासाठी मी जिओकॅशिंग करतो. कोणीतरी एक डबा कुठेतरी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो. आपण फोन बघत बघत तिथे जायचं आणि डबा शोधायचा. हा उद्योग एकट्याने करता येतो, आणि कोणी बघितलंच तर लोक आपण होऊन लांब जातात.

"या रविवारी आईला घेऊन जा," बायको म्हणाली.

"त्यांना एवढं चालवेल?"

"तिला चालवेल. तुला चालेल का ते बघ."

सासूबाई मला 'तुम्ही' म्हणतात आणि मी त्यांना 'आई' म्हणतो. सात वर्षांत आमचं बोलणं 'बस वेळेवर होती का' आणि 'पुरे, आता नको' यांच्या पलीकडे फारसं गेलं नव्हतं. मी त्यांना डब्यांचं सगळं समजावून सांगितलं.

"लपवतो कोण?" त्यांनी विचारलं.

"ते माहीत नसतं. टोपणनाव असतं."

"आणि सापडला की आपला?"

"नाही. आत वही असते, तिच्यात नाव लिहायचं आणि डबा होता तिथे परत ठेवायचा."

त्यांनी जरा विचार केला. "म्हणजे फाइलसारखं," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांना काही समजवावं लागलं नाही.

यादीतून कोणता डबा घ्यायचा हेही त्यांनीच ठरवलं. 'गोगलगाय' असं टोपणनाव घेतलेल्या कोणा माणसाने गावातल्या चार युद्धस्मारकांवर एक कोडं रचलं होतं. प्रत्येक स्मारकापाशी जायचं, काहीतरी मोजायचं, आणि चार आकडे मिळाले की डब्याची जागा कळते. मी हे कोडं दोन वर्षं टाळत होतो, कारण त्यात वाचायला फार होतं. सासूबाईंनी ते नेमकं त्याच कारणासाठी निवडलं.

पहिलं स्मारक स्टेशनसमोरच्या चौकातला दगडी खांब. त्यावरच्या सालातला शेवटचा आकडा हवा होता. तो मी लांबूनच वाचला आणि निघालो. मागे बघतो तर सासूबाई खांबापाशीच. त्या चारही बाजू वाचत होत्या, वरपासून खालपर्यंत, एकेका ओळीखाली बोट धरून. एक पोलीस बराच वेळ त्यांच्याकडे बघत होता. शेवटी तो जवळ आला आणि टोपी काढून म्हणाला, "तुमचं कोणी होतं का, आजी?"

"नाही. वाचतेय."

"सगळं?"

"मग काय, निम्मं वाचू?"

पोलिसाने टोपी परत घातली आणि तोही वाचायला लागला. पाच वर्षं याच चौकात ड्यूटी आहे, पण आज पहिल्यांदाच वाचतोय, असं तो म्हणाला. सासूबाईंना एकूण चार चुका सापडल्या, त्यातल्या दोन एकट्या 'स्मृतिप्रीत्यर्थ' या शब्दात. त्यांनी त्या वहीत टिपून घेतल्या. दगडावर पेन्सिल चालवली नाही, एवढे उपकार.

दुसरं स्मारक एका शाळेच्या भिंतीत बसवलेली संगमरवरी फरशी. युद्धात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची. शेवटच्या ओळीत अक्षरं किती, हा प्रश्न. ओळ होती 'त्यांचे स्मरण राहो'. मी मोजली. नऊ.

"सात," सासूबाई म्हणाल्या.

"जोडाक्षरात दोन अक्षरं असतात ना? 'त्यां'त दोन, 'स्म'मध्ये दोन."

"जोडलीत कशाला मग?" त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं मी जोडाक्षर एकच धरत आलेय. सात लिहा."

मी सात लिहिले.

तिसरं स्मारक म्हणजे बागेतला एक बाक, युद्धात काम करताना गेलेल्या परिचारिकांच्या नावाचा. त्यावर नावं किती ते मोजायचं होतं, आणि नावांवर एक गृहस्थ झोपले होते. मी म्हटलं, थोड्या वेळाने येऊ. सासूबाईंनी त्यांना उठवलं नाही. नुसतं म्हणाल्या, "पाय जरा वर घ्या." त्यांनी झोपेतच घेतले. "आता डोकं." तेही घेतलं. सहा नावं निघाली. एकही चूक नाही. सासूबाई जरा हिरमुसल्या असं मला वाटलं.

चौथं स्मारक पोस्टात. रविवारी पोस्ट बंद, म्हणून सोमवारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत जायचं ठरलं. पोस्ट माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून आहे.

पोस्टाच्या हॉलमध्ये, तिकिटांच्या खिडकीच्या उजव्या हाताला, भिंतीवर एक मोठी पितळी पाटी आहे. युद्धावर गेलेल्या आणि परत न आलेल्या टपाल कर्मचाऱ्यांची. पाटी लखलखीत होती. तिच्या उजव्या खालच्या कोपऱ्याला अगदी चिकटून एक लोखंडी कपाट उभं होतं, माणसापेक्षा उंच, करड्या रंगाचं. पाटीचा तेवढा कोपरा कपाटामागे गेला होता.

'नावं किती?' एवढाच प्रश्न. मी मोजली. एकोणीस.

सासूबाईंनीही मोजली. मग मागे सरकल्या, मान वाकडी केली, पुन्हा पुढे आल्या. "डावीकडे बारा, उजवीकडे सात," त्या म्हणाल्या. "कुठलाही जुळारी असं सोडत नाही."

जुळारी म्हणजे छापखान्यात शिशाचे खिळे जुळवून ओळी बसवणारा माणूस. ही पाटी जुळाऱ्याने केलेली नाही, असं मी म्हणालो. त्यांनी कपाट आणि भिंत यांच्या फटीत डोळा लावला. फट काडी जाईल एवढीही नव्हती.

"मागे पाच असतील," मी म्हणालो. "बारा आणि बारा. चोवीस धरू."

"किंवा तीन असतील आणि खाली नक्षी. किंवा एकही नसेल. न वाचता कसं धरायचं?"

पोस्टमास्तर आतून बाहेर आले. निवृत्तीला वर्षभर उरलेल्या माणसासारखे ते सावकाश चालत होते, आणि नंतर कळलं की वर्षभरच उरलं होतं.

"हे कपाट हलवता येईल का?" सासूबाईंनी विचारलं.

"मी आलो तेव्हापासून इथंच आहे."

"त्यामागे नावं आहेत."

"असतील."

"उघडतं का हे?"

"किल्ली नाही. माझ्या आधीच्यांच्या आधी जे होते, ते बदलीवर जाताना घेऊन गेले, असं ऐकून आहे."

"आत काय आहे?"

"कपाट भरलेलं आहे, एवढी नोंद आहे. कशाने, ते नोंदीत नाही." त्यांनी सुस्कारा सोडला. "भरलेलं कपाट हलत नाही, ताई. रिकामं करायचं तर किल्ली पाहिजे."

"अर्ज देते."

"द्या की," पोस्टमास्तर म्हणाले. अर्ज देणारा माणूस एकदा गेला की परत येत नाही, असा त्यांचा अनुभव असावा.

सासूबाईंनी तिथेच उभ्या उभ्या अर्ज लिहिला. पोस्टमास्तरांनी तो दोनदा वाचला. "इतका स्वच्छ अर्ज या पोस्टात कधी आला नाही," ते म्हणाले, आणि शिक्का मारून त्यांनी तो वरच्या ऑफिसला पाठवला. आठ दिवसांनी या, म्हणाले.

आता मी काय केलं ते सांगतो. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी एकोणीस हा आकडा घालून जागा काढली आणि एकटाच गेलो. आठ दिवस थांबायचं, तेही एका कपाटासाठी, हे मला पटेना. शिवाय दोन वर्षं टाळलेलं कोडं हाता-तोंडाशी आलं होतं.

जागा निघाली पाण्याच्या टाकीभोवतालच्या छोट्या बागेत. कुंपणाच्या एका लोखंडी पाइपाचं टोपण सैल होतं. ते काढलं तर आत दोऱ्याला लटकवलेली डबी. पाच मिनिटांत काम झालं. वहीत मी माझं टोपणनाव लिहिलं, 'भिंग', आणि डबी परत सोडली. डबी सापडली की पोटात एक बारीकसा आनंद होतो. तो या वेळी झाला नाही असं मी म्हणणार नाही. झाला. दुकानात परत येईपर्यंत टिकलासुद्धा.

घरी मी ताकास तूर लागू दिली नाही. पण सवयीने इंटरनेटवर त्या कोड्याच्या पानावर 'सापडला, आभार' असं लिहून बसलो होतो, आणि ते पान उघडायचं कसं हे बायकोने आईला आदल्याच दिवशी शिकवलं होतं.

गुरुवारी सकाळी मी चहा घेत होतो. सासूबाई समोर बसल्या.

"तुम्हाला एकोणीसवर सापडला."

"हो."

"म्हणजे लपवणाऱ्यानेही एकोणीसच मोजले."

"तसंच दिसतंय."

"म्हणजे तुम्ही दोघंही चुकलात," त्या म्हणाल्या, "पण चूक एकच केलीत, म्हणून गाठ पडली."

त्यांचा आवाज चढला नव्हता. त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि अर्धा तास वाचलं. पेन्सिल जवळच होती, पण त्यांनी हातात घेतली नाही. बायको मला स्वयंपाकघरात घेऊन गेली.

"काय केलंस तू?"

"डबा शोधला."

"आईने अजून एकसुद्धा चूक काढली नाहीये पेपरात. तिसरं पान आलं."

मी कपाळाला हात लावला. हे खरोखरच गंभीर होतं.

त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमाराला सासूबाई दुकानात आल्या. चष्म्याचा स्क्रू सैल झालाय म्हणाल्या. मालकांनी त्यांना मागच्या खोलीत माझ्याकडे पाठवलं. मी स्टूल पुसून दिलं. स्क्रू सैल नव्हता, तरी मी काढून पुन्हा बसवायला घेतला. चष्मा माझ्या हातात होता, त्यामुळे त्यांना मी नीट दिसत नसणार. बहुधा त्यांना तसंच हवं होतं.

"मी कामाला लागून दीड वर्ष झालं होतं," त्या म्हणाल्या. "सीमेवरची लढाई नुकती संपली होती. खात्याकडून याद्या यायच्या, आम्ही छापायचो. गेलेल्यांच्या. दिवसाला दोन-दोन याद्या. हाताने लिहिलेल्या, कार्बनच्या, तिसऱ्या प्रतीच्या."

मी मान हलवली. मग त्यांना दिसत नसेल हे लक्षात येऊन 'हं' म्हणालो.

"एका यादीत एकच नाव दोनदा होतं. लागोपाठ. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं तेच. लिहिणारे कारकून दमलेले असायचे, ओळ दोनदा लिहायचे. रोज एखादी तरी सापडायची. मी एक ओळ काढली."

दुकानात पुढे कोणीतरी फ्रेम लावून बघत होतं. 'ही जरा जाड वाटते,' असं काहीतरी.

"दोघं होते," सासूबाई म्हणाल्या. "चुलत भाऊ. बापांची नावंही तीच, कारण दोन्ही बाप घरात दुसऱ्याच नावाने होते आणि कागदावर आजोबांनी एकच लिहिलं होतं. असं असतं लोकांचं. यादी लागली. एक घर रडलं. दुसऱ्या घरातल्या आईने यादी चार वेळा वाचून घेतली आणि म्हणाली, एकच आहे, म्हणजे माझा जिवंत आहे. आठ महिने ती तसं म्हणत होती. मग शुद्धिपत्रक निघालं. मीच वाचलं त्याचं प्रूफ."

"तुम्हाला कोणी काही..."

"कोणीच काही बोललं नाही. आमचे साहेब म्हणाले, जाऊ द्या, बाई, तेवढेच आठ महिने मिळाले तिला. चांगल्या मनाने म्हणाले." त्यांनी हात पुढे केला. "झाला का स्क्रू?"

झाला होता. मी काचा पुसून चष्मा दिला. त्यांनी घातला, खोली एकदा नजरेखालून घातली, आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या त्या तक्त्यात खालून दुसऱ्या ओळीत 'ख' फुटलाय. 'र' आणि 'व' वाटतो." मग घरी गेल्या.

तक्ता मी तपासला. 'ख' फुटला होता. मालक नसले की नंबर मीच तपासतो. चार वर्षं मी त्या ओळीला अडखळणाऱ्या माणसांना नंबर वाढवून देत होतो की काय, हा विचार मी पुढे नेला नाही.

त्या दिवशी मी गोगलगायीला निरोप पाठवला. कपाटामागे बहुधा आणखी नावं आहेत, तुमचा आकडा चुकलाय, असं लिहिलं. दोन तासांत उत्तर आलं: 'अशक्य. मी तीनदा मोजलीत.' मी लिहिलं: 'आम्हीसुद्धा. तरी या.'

सोमवारी पोस्टात वरच्या ऑफिसचं उत्तर आलं. पोस्टमास्तरांनी ते वाचून दाखवलं. कपाट हलवण्यास या कार्यालयाची हरकत नाही; मात्र त्याकरिता मनुष्यबळ उपलब्ध करून देता येणार नाही.

"माणसं मी आणते," सासूबाई म्हणाल्या.

माणसं म्हणजे मी. शनिवारी दुपारी एक वाजता खिडक्या बंद झाल्यावर आम्ही पोस्टात जमलो. दोन पोस्टमन घरी जायचे थांबले. पोस्टमास्तर तटस्थ उभे होते. हॉल झाडणाऱ्या बाई बादली घेऊन कोपऱ्यात. आणि गोगलगाय आली. म्हणजे आले. साठीचे गृहस्थ, बुटके, मोटार चालवायला शिकवायचा धंदा. सदतीस वर्षं शिकाऊ माणसांशेजारी बसून त्यांचा उजवा पाय कायम हवेतला ब्रेक शोधत असायचा.

"तीनदा मोजलीत मी," ते आल्या आल्या म्हणाले.

"तुमची मोजणी बरोबर आहे," सासूबाई म्हणाल्या. "दिसली तेवढी बरोबर मोजलीत."

गोगलगायींनी बाह्या वर केल्या.

पहिल्या धक्क्याला कपाट हललं नाही. दुसऱ्याला आतून काहीतरी घसरल्याचा आवाज आला आणि सगळे थांबले. पोस्टमास्तरांनी डोळे मिटले. काही झालं नाही. मग झाडणाऱ्या बाई म्हणाल्या, "असं सुकं ढकलून काय व्हायचंय? सरका." त्यांनी कपाटाच्या पायांशी साबणाचं पाणी ओतलं, एकेक पाय कडेने उचलून खाली ओला गोणपाट सारायला लावला, आणि म्हणाल्या, "आता लोटा." आम्ही लोटलं. कपाट एकदम निघालं. गोगलगायींनी ढकलता ढकलता उजवा पाय जमिनीवर दाबला, पण त्याने काही ते थांबलं नाही. ते तक्रारपेटीपाशी जाऊन थांबलं.

पाटीचा कोपरा काळा होता. बाकी पाटी आरशासारखी, आणि तेवढाच चौकोन तव्यासारखा काळा. त्यात अक्षरं होती, पण वाचता येत नव्हती.

कोणी काही बोलायच्या आत झाडणाऱ्या बाई पुढे झाल्या. दर शुक्रवारी ही पाटी त्याच पुसत. कपाटाच्या कडेपर्यंत.

"पंधरा वर्षं," त्या म्हणाल्या. "पंधरा वर्षं मी निम्मीच पुसत होते होय? मला कोणी सांगितलं का नाही?" त्या पोस्टमास्तरांकडे बघत होत्या.

"मला तरी कुठे माहीत होतं?" पोस्टमास्तर म्हणाले.

"तुमच्याच कपाटामागे तर होती ती!"

त्यांनी चिंधी आणि पितळेची पावडर आणली आणि घासायला बसल्या. पोस्टमनने चिंधी मागितली तर दिली नाही. वीस मिनिटं लागली. आम्ही सगळे उभे होतो. एकेक अक्षर वर येत होतं.

पाच नावं होती. सासूबाईंनी ती मोठ्याने वाचली, प्रत्येक नावानंतर जरा थांबून, छापखान्यात प्रूफ वाचून दाखवतात तशी. पाचव्या नावानंतर त्यांनी पुन्हा वरपासून सुरुवात केली आणि सगळी चोवीस वाचली. मग वही काढली.

"चार ओळींनी वर, वेलांटी चुकलीय," त्या म्हणाल्या आणि टिपून घेतलं. मग चष्मा काढला आणि पदराने बराच वेळ पुसत राहिल्या. मी दुसरीकडे बघितलं. पोस्टमास्तर आधीपासूनच दुसरीकडे बघत होते.

गोगलगाय बाकावर बसले. "दोनशे अकरा लोकांनी शोधलाय तो डबा," ते म्हणाले. "आता काय करू मी?"

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. एकोणीसऐवजी चोवीस घातले की जागा सरकते. किती, ते मी तिथेच फोनवर काढलं. नऊ मीटर. उत्तरेला.

आम्ही तिघं टाकीच्या बागेत गेलो आणि गोगलगायींनी पावलं टाकून नऊ मीटर मोजले. कुंपणाबाहेर पडून, गल्ली ओलांडून, ते एका दाताच्या दवाखान्याच्या जिन्याखाली जाऊन उभे राहिले.

"इथे कसा ठेवणार?" ते म्हणाले. "तिथंच राहू दे. मी पानावर लिहितो की नावं चोवीस आहेत, पण हिशेबाला एकोणीसच धरा."

"मी केलंय हे," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"दोघं होते, हिशेबाला एकच धरला."

गोगलगायींना ते कळलं नाही, पण मला कळलं. मी जिना चढलो आणि दंतवैद्यांना विचारलं. ते एकाच्या तोंडात बघत होते. तोंडातून हात न काढता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे लोक येऊन माझ्या जिन्याखाली वाकून शोधणार?"

"हो."

"दुखत असेल तर वरसुद्धा येतील?"

"येऊ शकतील."

"ठेवा," ते म्हणाले. खुर्चीतला माणूसही काहीतरी म्हणाला, पण ते शब्द नव्हते.

डबी त्याच संध्याकाळी सरकली. पानावर काय लिहायचं ते सासूबाईंनी सांगितलं आणि गोगलगायींनी तसंच लिहिलं. ते दोन ओळींत, खाली, बारीक अक्षरात लिहिणार होते. "शुद्धिपत्रक बारीक काढतात म्हणूनच ते कोणी वाचत नाही," सासूबाई म्हणाल्या. त्यामुळे ते पानाच्या अगदी वर, मोठ्या अक्षरात आलं: पोस्टातल्या पाटीवर चोवीस नावं आहेत, ज्यांनी एकोणीस मोजली त्यांनी पुन्हा जावं. मी सोमवारी गेलो. चोवीस मोजली, मग जिन्याखाली जाऊन वहीत दुसऱ्यांदा नाव लिहिलं. महिनाभरात दोनशे अकरापैकी अडतीस जण परत आले. बाकीच्यांचं माहीत नाही. त्या अडतिसांतल्या एकाने दाढ काढून घेतली.

फरशीचं काम तेविसाव्या दिवशी संपलं. सासूबाईंना बसवर सोडायला मीच गेलो, बायकोची ड्यूटी होती. बस यायला उशीर होता. आम्ही बाकावर बसलो आणि नेहमीसारखं काही बोललो नाही, पण त्या न बोलण्यात पूर्वीइतकी मेहनत नव्हती. बस आल्यावर त्या चढल्या आणि खिडकीतून म्हणाल्या, "तो तक्ता बदलून घ्या." मी म्हटलं, घेतला.

पुढच्या रविवारी मी एकटा गेलो. पुलाच्या कठड्यातला डबा होता, सोपा. मोजायचं काही नव्हतं. दहा वाजता मी घरी परत आलो आणि काय करावं ते सुचेना, म्हणून खिडक्या पुसल्या. दुपारी फोन वाजला. सासूबाई.

"आमच्या बाजाराच्या तोंडाशी दगडी कमान आहे," त्या म्हणाल्या. "कधी लक्षच दिलं नव्हतं. वरच्या बाजूला नावं आहेत. खालून काही दिसत नाहीत. शिडीची सोय झालीय, माणूस हवाय."

"हिला विचारतो, रजा कधी मिळते ते."

"तिला कशाला? तिला उंचावर भोवळ येते. तुम्ही या."

"पण आई, शिडी धरायची म्हणजे दोन माणसं लागतील."

"धरणार मी," त्या म्हणाल्या. "चढायचं तुम्ही. आणि मोठ्याने वाचायचं. जोडाक्षरं फोडू नका."

संध्याकाळी मी शनिवारच्या पहिल्या बसचं तिकीट काढलं.